महाग चहाचे पैसे मळ्यात पोचतात का?

प्रश्न : पाकिटावर ‘शाश्वत शेती’चा शिक्का असलेला चहा महाग पडतो. शेतकऱ्याला त्यातलं काही मिळतं का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, नौपाड्यातल्या आमच्या दुकानात सुटा चहा घेताना हे बरेच जण विचारतात. देशातला निम्म्याच्या आसपास चहा आता छोट्या बागायतदारांचा. बहुतेकांकडे कारखाना नसतो. खुडलेली पानं लगेच सुकायला लागतात, म्हणून त्याच दिवशी समोरचा देईल त्या भावाला द्यावी लागतात. खरी गोम इथे आहे. सावलीची झाडं, कमी फवारणी अशा शाश्वत शेतीनं माती टिकते; भाव आपोआप वाढत नाही. गटानं पानं विकणाऱ्यांना जरा घासाघीस तरी करता येते. तेव्हा शिक्क्यापेक्षा चहा कुठल्या गटाचा, ते विचारा. आणि दुधात उकळायला दार्जिलिंग नेऊ नका, मातेरं होतं. आसामचा सीटीसी, म्हणजे दाणेदार चहा, न्या.