‘आई, बेरीज की वजाबाकी?’

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. उभी मांडून दिलेली हातच्याची बेरीज-वजाबाकी भराभर करतो. पण शाब्दिक उदाहरण आलं, की धड वाचायच्या आत विचारतो, ‘आई, बेरीज की वजाबाकी?’ परवाचं उदाहरण : बसमध्ये 52 प्रवासी होते. कळव्याला 28 उतरले, 15 चढले. आता बसमध्ये किती? त्याने तिन्ही मिळवून 95 लिहिले. मी ओरडले, तो रडला. काय करू?
– एक आई, घणसोली

उत्तर : ताई, सकाळी साडेआठला स्टेशनकडे निघालेल्या बसमध्ये 95 माणसं असतातही, त्यामुळे त्याला त्यात काही वावगं वाटलं नसेल! शिवाय तीन आकड्यांची बेरीज त्याने अचूक केली आहे. तेव्हा पोर गणितात कच्चं नाही. त्याने गोष्ट वाचलीच नाही, नुसते आकडे वेचले. आणि तो विचारतो तेव्हा तुम्ही ‘वजाबाकी’ म्हणून मोकळ्या होत असणार. म्हणजे वाचायचं काम तुम्हीच करून टाकता.

हे पाप मीही केलंय. ठाण्यात माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता, तेव्हा मी भिंतीवर तक्ता लावला होता : ‘एकूण’ म्हणजे बेरीज, ‘उरले’ म्हणजे वजाबाकी. पोरं खूश, मीही खूश. मग एकदा फळ्यावर लिहिलं : ‘आजीने जांभळी नाक्यावरून लिंबं आणली. 18 सरबताला वापरली, 24 उरली. आणली किती?’ ‘उरली’ दिसताच सगळ्या वर्गाने 24 मधून 18 वजा केले. उत्तर 6. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी म्हणाली, ‘बाई, उरलीच 24, मग आणली 6 कशी?’ मधल्या सुट्टीत तक्ता मी स्वतः काढला.

आता तुमच्या बसचं. आधी आकड्यांवर बोट ठेवा आणि त्याला नुसती गोष्ट सांगू द्या : ‘बसमध्ये माणसं होती. काही उतरली. काही चढली.’ उतरल्यावर माणसं वाढली की घटली? हे तो सांगेल, बसने रोज जातो ना. मग आकडे उघडा, एका वेळी एकच. 52 मधून 28 गेले, राहिले 24. त्यात 15 चढले, झाले 39. ‘बेरीज की वजाबाकी’ला तुमचं उत्तर एकच ठेवा : ‘तू सांग, काय घडलं?’

52 मधून 28 काढताना दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी द्या. आठ रुपये सुटे मागा. नाहीत ना? मग एक नोट मोडून आण. ‘शेजारून उसना घेतला’ असं मी पूर्वी सांगायचे. एका पोराने विचारलं, ‘बाई, परत कधी द्यायचा?’ तेव्हापासून मी नोटच मोडते.

सगळ्यात अवघड असतं ते ‘ने जास्त’, ‘ने लांब’. 16 एप्रिल 1853 ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, ते अंतर 34 किलोमीटर. कल्याण बोरीबंदरहून साधारण 54. आता दोन उदाहरणं करा. ‘ठाणे 34 किलोमीटरवर आहे. कल्याण त्याहून 20 ने लांब. कल्याण किती लांब?’ आणि ‘कल्याण 54 किलोमीटरवर आहे. ते ठाण्याहून 20 ने लांब. ठाणे किती लांब?’ ‘लांब’ दोन्हीकडे आहे, पण एकीकडे बेरीज, दुसरीकडे वजाबाकी. वहीत आडवी रेघ ओढून तिच्यावर तीन स्टेशनं मांडायला लावा. रेघेवर कुठलं पुढे, कुठलं मागे हे दिसलं, की शब्दाने फसत नाही.

एक गोष्ट तपासा. तो ‘एकोणचाळीस’ ऐकून 49 लिहितो का? ‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी बोलतो, लिहितो मात्र वीसचे दोन आधी. 2019 मध्ये मंगला नारळीकरांच्या समितीने दुसरीच्या पुस्तकात जुन्या नावांच्या जोडीला ‘वीस पाच’ असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला जुनी नावं प्रिय आहेत, ती यायलाच हवीत. पण उदाहरण सोडवताना ‘तीस नऊ’ म्हटल्याने पोराचा गोंधळ टळत असेल, तर खुशाल म्हणू द्या.

रोज दोन उदाहरणं पुरेत. तिसरं त्याने रचायचं आणि तुम्ही सोडवायचं. मधूनच मुद्दाम चुका. तो पकडतो का बघा.

प्रश्न : मुलगी अजून बोटं मोजते. बंद करू का?
– एक बाबा, वर्तकनगर

उत्तर : नको. मी अजून मोजते, पदराआड.