जुन्या डेस्कटॉपवर बिटकॉइन नोड चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: अकोल्यात घरी दहा वर्षं जुना डेस्कटॉप पडून आहे. चार जीबी रॅम, एक टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावरच बिटकॉइनचा पूर्ण नोड बसवायचा, रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) घ्यायचा की नवा मिनी पीसी? आणि लिनक्स टाकायचं झालं तर कुठलं?

मी रत्नागिरीत २०१८पासून घरी नोड चालवतोय. या काळात दोनदा सगळं पहिल्या ब्लॉकपासून (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा) पुन्हा उतरवावं लागलं. एकदा डिस्कने घात केला, एकदा लाईटने. प्रोसेसरमुळे कधीच अडलं नाही. म्हणून पुढचं सगळं त्याच दोन गोष्टींभोवती फिरणार, आधीच सांगतो.

घरचे विचारतील की यातून महिन्याला किती सुटतात. काही सुटत नाही. कमाई मायनिंगमध्ये, म्हणजे नवे ब्लॉक तयार करण्यात, आणि त्याला वेगळी यंत्रं लागतात. नोड फक्त प्रत्येक ब्लॉक नियमात बसतो का ते स्वतः तपासतो, म्हणजे आपल्या व्यवहाराबद्दल दुसऱ्याच्या सर्व्हरला विचारावं लागत नाही. हे पटत असेल तरच पुढे खर्च करा.

आता डिस्क. जानेवारी २००९पासूनच्या सगळ्या ब्लॉकची साखळी (ब्लॉकचेन) आज साडेसहाशे जीबीच्या पुढे गेलीय आणि अलीकडे वर्षाला ८०-९० जीबीने वाढतेय. पण खरा त्रास साठवणीचा नाही. प्रत्येक व्यवहारात जी नाणी खर्च होतात ती खरोखर शिल्लक होती का, हे नोडला शोधावं लागतं. शिल्लक नाण्यांची ही यादी १५ कोटी नोंदींच्या वर आहे आणि शोध कुठेही उडी मारतो. फिरत्या डिस्कची सुई मग दिवसभर इकडून तिकडे नाचत बसते. प्रोसेसर निवांत, डिस्क शंभर टक्के. मी २०१८मध्ये अशाच डिस्कवर सुरुवात केली होती. तेव्हा साखळी दोनशे जीबीच्या आतबाहेर होती, तरी तीन आठवडे लागले, आणि शेवटच्या आठवड्यात डिस्कमधून कुरकुर यायला लागली ती वेगळीच. आज त्याच डिस्कवर त्याच्या तिप्पट माल चढवायचा म्हणजे स्वतःवर सूड उगवणं आहे.

फिरती डिस्क टाकूनच द्या असंही नाही. नोड ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्या बिटकॉइन कोअरमध्ये ब्लॉकच्या फाइलींसाठी वेगळी जागा दाखवायचा पर्याय आहे, नाव ब्लॉक्सडिर. ब्लॉक एकामागून एक लिहिले जातात, त्याला जुनी डिस्क पुरते. शिल्लक नाण्यांची यादी मात्र एसएसडीवर (न फिरणारी, चिपवरची डिस्क) ठेवायची, ती ११-१२ जीबीच आहे. म्हणजे घरात २५६ जीबीची एसएसडी पडली असेल तर नवी न घेताही सुरुवात होते. ही जोडगोळी मी वर्षभर चालवली, तक्रार नाही.

नवी घ्यायची तर दोन टीबीची घ्या. एक टीबी म्हणून मिळते त्यात संगणकाच्या हिशोबाने ९३१च भरतात. साखळी, वर्षाची वाढ, मोबाइल वॉलेट आपल्या नोडला जोडायला इलेक्ट्रस नावाचं सर्व्हर सॉफ्टवेअर बसवलं तर त्याची अनुक्रमणिका, असं करत दोन-तीन वर्षांत पुन्हा डिस्क बदलायची वेळ येते. एसएसडीच्या चिपचे प्रकार असतात, त्यात क्यूएलसी लिहिलेली टाळा, टीएलसी बघा. क्यूएलसी पहिले काही जीबी झपाझप लिहिते, मग तिचा वेगवान तात्पुरता साठा (कॅशे) भरला की मंदावते, आणि पहिल्या उतरवणीत आपण तासन् तास लिहीतच असतो. फारच स्वस्त दिसली तर सोडून द्या. मी एकदा मोहात पडलो होतो. डिस्क स्वतःला एक टीबी म्हणवत होती, निम्म्यावर गेल्यावर जुन्याच जागी लिहायला लागली. पहिली पुनरुतरवणी तीच.

जागाच नसेल तर नोडचा प्रून हा पर्याय आहे. कमीत कमी ५५० एमबी एवढेच ताजे ब्लॉक ठेवून बाकीचे पुसतो. मात्र आधी सगळे उतरवून तपासतोच, त्यामुळे नेट तेवढंच जातं. आणि प्रून केलेल्या नोडवर इलेक्ट्रस चालत नाही, हे पुष्कळांना नंतर कळतं.

रॅम चारची आठ करा, जुनी डीडीआर३ पट्टी असेल तर सेकंडहँडही चालेल, पण मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवून मगच वापरा. खराब रॅममुळे चांगला ब्लॉक चुकीचा ठरतो आणि माणूस आठवडाभर डिस्कला शिव्या घालत बसतो. नोडने किती रॅम तात्पुरत्या साठ्याला (कॅशे) वापरायची ते ठरवणारी डीबीकॅश ही सेटिंग मुळात कमी असते. आठ जीबीत पहिल्या उतरवणीपुरती ती चार हजार एमबी करा, फरक डोळ्यांना दिसतो. एकदा ताज्या ब्लॉकपाशी पोचलात की परत खाली आणा.

पण याच कॅशेची दुसरी बाजू म्हणजे लाईट. कॅशेतलं डिस्कवर उतरायच्या आत वीज गेली तर तेवढं काम पुन्हा, आणि नशीब फुटकं असेल तर डेटाबेसच बिघडतो. जूनमध्ये आमच्याकडे पहिल्या वाऱ्याला लाईट जाते. २०२१च्या पावसात दिवसातून पाचदा गेली आणि पाचव्यांदा नोड उठलाच नाही. तुमच्याकडे इन्व्हर्टर असेलच, पण त्याच्या मागचं बटण बघा. नॉर्मल मोडवर असेल तर पंखा चालू राहतो आणि डेस्कटॉप मात्र रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडवर टाका. राउटरही त्याच लाइनवर घ्या. मिनी पीसीला राउटरवाला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावायचा विचार असेल तर आधी ॲम्पिअर जुळवा, बहुतेक जुळत नाहीत.

म्हणूनच मशीनबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. डेस्कटॉपपेक्षा पाच-सात वर्षं जुना ऑफिसातला लॅपटॉप घ्या. बॅटरी हाच त्याचा यूपीएस. स्क्रीन फुटकी असली तरी चालेल, उलट स्वस्त मिळेल. चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधता येते ना ते बघून घ्या, कारण कायम पूर्ण चार्जवर ठेवलेली बॅटरी अकोल्याच्या उन्हाळ्यात फुगणार. आणि तो कपाटात कोंडू नका. तुमच्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री म्हणजे खोलीतच भट्टी. एनव्हीएमई डिस्क (जास्त वेगवान एसएसडी) तापली की स्वतःहून वेग कमी करते, तिला हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी, चिकटवा.

विजेचा हिशोबही करून बघा. जुना डेस्कटॉप ६५ वॉट धरला तर महिन्याला ४७ युनिट. इंटेल एन१००चा मिनी पीसी दहा वॉटच्या आसपास, म्हणजे सातेक युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटनंतर दर उडी मारतो, तेव्हा हे ४० युनिट कुठल्या दराने लागतील ते आपलं बिल काढून बघा. फुकटचा डेस्कटॉप दोनेक वर्षांत महाग पडू शकतो. मी सध्या एन१०० वर आहे. १६ जीबी रॅम आणि एनव्हीएमई, पूर्ण साखळी दोन दिवसांच्या आत उतरली.

रास्पबेरी पाय? पाय ४ मी दीड वर्ष वापरला. मेमरी कार्ड मेलं, मग यूएसबीची एसएसडी अधूनमधून गायब व्हायची, शेवटी कळलं की पॉवर अडॅप्टर कमी पडतोय. पाय ५ला एनव्हीएमई जोडता येते, तो बराच बरा. पण बोर्ड, ५ ॲम्पिअरचा अडॅप्टर, जोडपट्टी, पंखा, डबी हे सगळं धरलं की मिनी पीसीच्या जवळ जातो. आधीच घरात असेल तर जरूर वापरा. नोडसाठी म्हणून विकत घेऊ नका.

ऑपरेटिंग सिस्टीमवरून लोक उगाच भांडतात. विंडोजवर बिटकॉइन कोअर उत्तम चालतं, मीही चालवलंय. तुमच्या बाबतीत अडचण अशी की विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि त्या डेस्कटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे बसणार नाही. शिवाय रात्री अपडेट आलं की मशीन न विचारता रीस्टार्ट होतं. अँटिव्हायरसमध्ये नोडचं फोल्डर वगळावं लागतं ते वेगळंच. गंमत म्हणजे २०१४मध्ये कुणीतरी जुन्या स्टोन्ड व्हायरसची खूण व्यवहारात कोंबली होती आणि मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस साखळीच्या फाइलवर ओरडायला लागला होता!

मी लिनक्समधलं डेबियन स्टेबल टाकतो, खिडक्या-आयकॉनशिवाय, फक्त एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून कमांड द्यायची सोय). डेबियन १२पासून इन्स्टॉलरमध्येच वायफायचं फर्मवेअर येतं, त्यामुळे पूर्वीची रडारड संपली. उबंटू एलटीएस हाताला सवयीचं असेल तर तेच ठेवा. रात्री अकराला नोड पडला तर तुम्हाला न बघता ज्याच्या कमांड आठवतात ते घ्या. ६४ बिटच हवं. डिस्कवर एक्स्ट४ ही फाइल सिस्टीम करा. बीटीआरएफएससारख्या फाइल सिस्टीम या डेटाबेससोबत मंदावतात. जुनी एनटीएफएस डिस्क तशीच लिनक्सला जोडून वापरायचा आळस करू नका.

एक चूक जवळजवळ सगळे करतात. लिनक्समध्ये सेवा चालू-बंद करणारं सिस्टमडी एखादी सेवा बंद करताना दीड मिनिट थांबतं आणि मग गळा आवळतं. मोठा कॅशे असलेल्या नोडला नीट बंद व्हायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. बिटकॉइन कोअरच्या सोर्स कोडसोबत जी तयार सर्व्हिस फाइल येते त्यात ही मुदत ६०० सेकंद आहे. तीच वापरा, कुठल्या तरी व्हिडिओतली चार ओळींची नको. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर झोपू नकोस हेही सांगून ठेवा.

अंब्रेलसारखी नोडसाठीची तयार सिस्टीम अर्ध्या तासात सुरू होते, बटणं छान आहेत. पण ती अडकली की आत काय चाललंय ते कळत नाही. शिकायचं असेल तर एकदा हाताने बसवा.

नेटचं थोडक्यात: बऱ्याच फायबर प्लॅनना महिन्याला ३.३ टीबीची मर्यादा असते, पहिली उतरवणी त्यात आरामात बसते. बाहेरचे लोक आपल्या नोडला जोडले जायला राउटरवर ८३३३ पोर्ट (येण्याची वाट) उघडावं लागतं, आणि आपल्याकडे अनेक कंपन्या एकच आयपी अनेक घरांना वाटतात, तिथे ते उघडतच नाही. टॉर (आपला पत्ता लपवून जोडणारं जाळं) बसवा, प्रश्न मिटतो. मग अपलोड वाढला तर रोजची मर्यादा घालायची सोय आहे.

इथेरियमचाही विचार आहे असं तुम्ही लिहिलंय. तो याच मशीनवर नको. सप्टेंबर २०२२च्या मर्जपासून (इथेरियमने मायनिंग सोडलं तो बदल) तिथे दोन वेगळी सॉफ्टवेअर एकत्र चालवावी लागतात, दर १२ सेकंदांना नवा ब्लॉक, दोन टीबीची चांगली एनव्हीएमई आणि किमान १६ जीबी रॅम. पुढे कधी स्टेकिंग (नाणी अडकवून ब्लॉकवर सही करण्यात भाग घेणं) कराल तर एकच किल्ली दोन मशीनवर चुकूनही चालवू नका. बंद पडल्याचा दंड किरकोळ असतो, दुहेरी सहीचा नसतो.

तेव्हा या आठवड्यात पैसे खर्चू नका. डेस्कटॉपवर रात्रभर मेमटेस्ट लावा, इन्व्हर्टरचं बटण बघा, हार्ड डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्कची तब्येत सांगणारा) काढा. एसएसडी मागवायच्या आधी तिचा मॉडेल नंबर इथे टाका, टीएलसी आहे की नाही ते बघून सांगतो.