वाचकांचे प्रश्न : आजोबांविषयी लिहिताना

प्रश्न : माझे आजोबा गेल्या कार्तिकात वयाच्या 86व्या वर्षी वारले. सांखळीच्या बाजारात त्यांचे भुसाराचे दुकान होते. विठ्ठलापूरचा उत्सव असो, शेजारचे लग्नकार्य असो वा कुणाचे आजारपण, ते नेहमी पुढे असत. वर्षश्राद्धाला घरच्यांना आणि गावातल्या मंडळींना देण्यासाठी एक छोटी स्मरणपुस्तिका काढायचे ठरले असून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी लिहिलेली दहा पाने घरी सर्वांना आवडली, पण ती कुणाच्याही आजोबांची वाटतात अशी खंत मला लागून राहिली आहे. शिवाय आजोबा घरात कोंकणी बोलत आणि वाचन-लेखन मराठीत करत. मग त्यांचे बोलणे कोणत्या भाषेत लिहावे? गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की वेगळा ठेवावा, यावरच्या जनमत कौलाच्या वेळी ते विलीनीकरणाच्या बाजूचे होते आणि त्यांचे धाकटे बंधू विरोधात. त्यावरून दोघांत काही वर्षे अबोला होता. ते लिहू नकोस, असे काका म्हणतात. मजकूर सोबत पाठवत आहे. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक नात, सांखळी

उत्तर : तुमची दहाही पाने मी दोनदा वाचली. पहिल्या चार पानांत ‘प्रेमळ’, ‘परोपकारी’, ‘शिस्तप्रिय’ आणि ‘सर्वांचे आधारस्तंभ’ हे शब्द अनेकदा येतात. ते खोटे आहेत असे मला मुळीच वाटत नाही, पण गावात माणूस वारला की श्रद्धांजलीच्या फलकावरही हेच शब्द लिहिले जातात, आणि म्हणूनच त्यांतून तुमचे आजोबा दिसत नाहीत. ते दिसू लागतात सातव्या पानावर, जिथे तुम्ही चवथीच्या आदल्या दिवसाचे वर्णन केले आहे. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, सुतळी वापरू न देता ते केवणीच्या झुडपाच्या सालीचे वाक आदल्या रात्री पाण्यात भिजत घालत, पहाटे पडवीत बसून ते मांडीवर वळत, आणि कांगले, घागरी, तोरिंगण, सुपारीचे शिपटे एकेक करून तुमच्या हातून घेत. गाठ मारून झाली की ती एकदा ओढून पाहत आणि मगच पुढचे फळ मागत. हे वाचताना त्यांचे हात मला डोळ्यांसमोर दिसले. पुस्तिकेची सुरुवात तिथूनच करा आणि विशेषणांची पाने सरळ काढून टाका.

आजोबांचे गुण सांगण्यापेक्षा त्यांची कामे लिहा, एवढेच माझे मुख्य सांगणे आहे. त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीच्या पात्रात सजवलेल्या होड्या सोडल्या जातात तेव्हा ते त्या रात्री नेमके कुठे उभे असत आणि त्यांच्या अंगावर कोणते काम असे? चैत्रोत्सवात वीरभद्राचे सोंग निघे तेव्हा ते गर्दीत असत की मागे स्वयंपाकघराकडे? ‘उत्सवात त्यांचा सक्रिय सहभाग असे’ या तुमच्या वाक्यातून यातले काहीच कळत नाही. माणूस वारल्यानंतर पहिल्या वर्षात या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात, पुढे त्यांच्याही आठवणी विरळ होत जातात. म्हणून बाजारातले त्यांच्या वयाचे दुकानदार, देवळातले भजनी आणि पलीकडच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या बायका यांच्याकडे जाऊन बसा आणि ‘आजोबा कसे होते?’ असे न विचारता ‘शेवटचे कधी भेटले, काय बोलले?’ असे विचारा. आजींना मात्र सर्वांत आधी विचारा. आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमलातला आहे आणि 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा त्यांनी विशी ओलांडलेली असणार. म्हणजे त्यांचे शिक्षण आणि दुकानातली पहिली उमेदवारी त्याआधीची. ते मराठी वाचायला कुठे शिकले, देवळातल्या शाळेत की कुणाच्या पडवीत बसणाऱ्या मास्तरांकडे, हे आजींना ठाऊक असेल. जन्मतारखेची खात्री नसेल तर डिचोलीच्या नागरी नोंदणी कार्यालयात जुन्या नोंदी पाहता येतील. त्या पोर्तुगीजमध्ये असतात, तेव्हा ती भाषा जाणणारे कुणी सोबत न्या.

भाषेचा प्रश्न तुम्हाला अडचण वाटतो, मला ती तुमच्या हाती असलेली मोठी ठेव वाटते. लिखाण मराठीत असू द्या आणि आजोबांचे बोलणे जसेच्या तसे कोंकणीत. घरात कोंकणी बोलायची आणि पोथी, वर्तमानपत्र, जमाखर्च मराठीत, ही गोव्यातल्या कितीतरी घरांची रीत आहे, आणि ज्यांच्या हाती ही पुस्तिका पडणार आहे त्यांना त्यासाठी टीप लागणार नाही. वाळवंटीचे पाणी बाजारात शिरले त्या वर्षी दुकानातला भिजायचा वाचलेला तांदूळ वाटून झाल्यावर त्यांनी तुम्हाला विचारलेले ‘सगळ्यांक मेळ्ळें मगे?’ हे वाक्य तुम्ही ‘सर्वांना मिळाले ना?’ असे करून टाकले आहे. कृपया ते परत कोंकणीत लिहा. तुमच्याच मजकुरात पुढे दोन ठिकाणी, एकदा देवळातल्या महाप्रसादाच्या पंगतीत आणि एकदा तुमच्या बारशाच्या जेवणात, ते हेच विचारताना आढळतात. तुम्हाला ते लिहिताना बहुधा जाणवलेही नसेल.

आता अबोल्याविषयी. काकांचा संकोच मी समजू शकतो, तरीही माझे मत लिहावे असेच आहे. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्याने कौल दिला तेव्हा विलीनीकरणाचे चिन्ह फूल होते आणि वेगळे राहण्याचे दोन पाने. फुलाला 1,38,170 मते पडली, दोन पानांना 1,72,191. फूल आणि दोन पाने एकाच चुलीवर जेवत होती अशी घरे त्या काळी थोडी नव्हती. ज्या माणसाने आपल्या भाषेवरच्या प्रेमापोटी एक बाजू घेतली, जी हरली, आणि त्या पायी सख्ख्या भावाशी बोलणे सोडले, त्याला ती गोष्ट मनापासून लागली होती. ती वगळली तर आजोबांचे मराठीवरचे प्रेम नुसते सांगण्यापुरते उरेल. मात्र अबोला कसा सुटला हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. आधी कोण बोलले, कोणत्या निमित्ताने बोलले, हे काकांनाच विचारा. ते सांगू लागले तर त्यांचा विरोधही कदाचित मावळेल. छापण्यापूर्वी तो भाग धाकट्या आजोबांच्या मुलांना वाचायला द्या आणि त्यांनी एखादा शब्द बदलायला सांगितला तर बदला.

उधारीच्या वहीविषयी मात्र माझा सल्ला वेगळा आहे. काही खात्यांवर पैसे जमा झाल्याची नोंद नसतानाही आजोबांनी आडवी रेघ मारून ‘पावले’ असे लिहिले आहे, हे तुम्ही अखेरच्या पानावर कौतुकाने सांगता आणि तीन घरांची नावेही देता. ती नावे काढून टाका. त्या घरांतली मुले आजही त्याच बाजारात वावरतात, आणि आजोबांनी जे कुणाला कळू दिले नाही ते त्यांच्याच वर्षश्राद्धाला गावभर वाटले जाऊ नये. त्याऐवजी नुसत्या वहीविषयी लिहा : तिचा लाल कापडी पुठ्ठा, कोपऱ्यांना लागलेला खोबरेलाचा डाग आणि रेघेपुढे त्यांच्या बारीक अक्षरातले ते ‘पावले’.

नवा मजकूर तयार झाला की तो प्रथम आजींना मोठ्याने वाचून दाखवा. त्या जिथे ‘तशें न्हय’ म्हणून थांबवतील तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि वाटल्यास ती पाने मला पुन्हा पाठवा.