मेडिक्लेम नाही, भावाला मानसिक त्रास आहे; देवस्थानावर न्यावं की डॉक्टरकडे?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. लहान भाऊ रात्र रात्र झोपत नाही, एकटाच बोलतो, गल्लीतले लोक माझ्याविरुद्ध काहीतरी करताय म्हणतो, आई म्हणते "याले बाहेरनं शे" (म्हणजे बाहेरची बाधा आहे), घरात कोणाचाच विमा नाही आणि कापसाचे पैसे तर केव्हाच संपले. म्हणून तुम्ही विचारताय की देवाधर्माच्या आधारावर फुकट नाहीतर स्वस्तात मानसिक उपचार देणारी जागा आपल्या खान्देशात आहे का.

मी मेडिकलवर कामाला आहे, वरून माझ्या सख्ख्या मामाला हाच आजार, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघतोय. एकाच छताखाली देव आणि डॉक्टर दोन्ही मिळतील अशी जागा शोधण्यात महिने घालवू नका, देव इकडे आणि डॉक्टर तिकडे असं आहे आणि दोघांची सांगड घरच्यांनीच घालायची असते. जमते ती. मामाला आजी दरवर्षी होळीच्या सुमारास बुलढाण्याकडच्या सैलानीबाबाच्या दर्ग्याला न्यायची, आजही घरचे नेताय, पण पिशवीत नारळासोबत गोळ्यांचं पाकीटही असतं आणि ते तिकडेही चुकत नाही. आजीला कोणी "अंधश्रद्धा" म्हणून झापलं असतं ना तर तिने मामाला डॉक्टरकडे कधीच जाऊ दिलं नसतं, म्हणून आईशी वाद घालू नका, देवही करू आणि गोळीही चालू ठेवू एवढंच बोला.

आणि हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा म्हणून गाव आहे, तिथे मीरा दातारचा दर्गा. तिथे दवा-दुआ म्हणून काम चालू झालं, म्हणजे दर्ग्याच्या आवारातच मानसोपचारवाले बसतात, मुजावर म्हणजे दर्ग्याची सेवा करणाऱ्या लोकांना ट्रेनिंग दिलेलं, ते दुआ करतात आणि पेशंटला स्वतःच सांगतात की आता डॉक्टरला पण दाखव. मुजावराने सांगितलेली गोळी माणूस गुपचूप घेतो, आमच्यासारख्याने काउंटरवरून शंभर वेळा सांगून घेत नाही.

पण सगळीकडे असं नसतं. तमिळनाडूत एर्वाडीला दर्ग्याच्या आजूबाजूला अशा पेशंटना ठेवायच्या खाजगी जागा होत्या, ऑगस्ट २००१ मध्ये त्यातल्या एका ठिकाणी आग लागली आणि साखळीने बांधून ठेवलेल्या पेशंटपैकी २८ जण गेले. त्यामुळे कुठेही नेलं, मग तो भगत असो, बाबा असो नाहीतर प्रार्थनावाले, त्यांनी "गोळ्या बंद करा" म्हटलं, बांधून ठेवायची भाषा केली किंवा उताऱ्याच्या नावाखाली हजारो मागितले की तिथून सरळ उठायचं. साखळीने बांधणं मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे बंद आहे, आणि भूत काढायला मारहाण, मिरचीची धुरी वगैरे प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. अंगारा लावला, भजनाला बसवलं, महाप्रसादाच्या पंगतीत जेवू घातलं तर काही बिघडत नाही, उलट माणूस चार लोकांत बसतो ते बरंच.

उपासाचं मात्र बघा. डॉक्टरने लिथियम (मन टोकाला जाऊ नये म्हणून देतात ती गोळी) लिहून दिलं असेल तर निर्जळी उपास किंवा रोजा परस्पर धरायला लावू नका, आधी डॉक्टरला विचारा. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहितीच आहे, अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात वाढतं आणि विषबाधा होते. तसंच माळेचं. माळ घातली आणि दारू सुटली असे लोक गावोगाव आहेत, चांगलीच गोष्ट आहे, पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात, जिवावर बेततं. मग लोक म्हणतात देव कोपला. माळ जरूर घालावी, पण ते पहिले दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली काढावे.

आता पैशाचं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे आणि तिथे मानसोपचार विभाग असतो. आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत, म्हणजे ग्रामीण नाहीतर उपजिल्हा रुग्णालयात, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट सगळं फुकट आहे, मेडिकल कॉलेजला थोडीफार फी लागू शकते. २०१७ च्या कायद्यात तर लिहिलंय की गरीब माणसाला सरकारी ठिकाणी मानसिक उपचार फुकट मिळायला पाहिजे, दारिद्र्यरेषेचं कार्ड हातात असो वा नसो. महात्मा फुले योजना भरती झाल्यावर कामाची आहे, महिन्याच्या गोळ्यांना ती चालत नाही. बाहेरून घ्यायची वेळ आली तर डॉक्टरला औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात जा, फरक बिलावर दिसेल. भाऊ गोळी तोंडात धरून थुंकत असेल तर दोन-चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन पण असतं, त्याबद्दल विचारा. आणि आता घाईने पॉलिसी काढू नका, कंपन्यांना मानसिक आजार कव्हर करावाच लागतो हे खरं, पण आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वेटिंग असतं आणि फॉर्मवर लपवलं तर क्लेम गेला.

धर्माचंच पाहिजे असेल तर नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला मिशन हॉस्पिटल आहे, आदिवासी पट्ट्यात जुनं, पण मानसिक आजारासाठी जायच्या आधी फोन करून विचारा नाहीतर गाडीभाडं फुकट जाईल.

आज रात्रीच काही जास्त झालं, मरायचं बोलायला लागला, तर १४४१६ लावा, टेलीमानस म्हणून सरकारची मानसिक त्रासासाठीची फोनसेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात, आणि त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात टाका. तो स्वतः बोलायला तयार नसेल तर तुम्ही बोला, घरच्यांचा फोनही घेतात. ओपीडीला जाताना आधार, रेशनकार्ड आणि आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या न्या, आणि आईला सोबत न्याच, कारण गोळी शेवटी तीच देणार आहे.