फरशी चकाचक, पण फटी काळ्या! – वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आमचं एकत्र कुटुंब आहे, सासूसासरे, दीर-जाऊ, मुलं धरून घरात आठ माणसं, शिवाय येणारे-जाणारे. हॉल आणि किचनला आयव्हरी रंगाच्या व्हिट्रिफाईड टाईल्स आहेत. टाईल्स अजून नव्यासारख्या दिसतात पण मधल्या फटी काळ्याकुट्ट झाल्यात, गॅसच्या ओट्यासमोर तर पिवळट आणि चिकट. रोज दोनदा फरशी पुसली जाते, फ्लोअर क्लीनरही चांगलाच वापरतो, तरी असं का होतं? कामाच्या मावशी म्हणतात अ‍ॅसिड आणा, एका दिवसात पांढरं करून देते. आणू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, अ‍ॅसिड अजिबात आणू नका, का ते पुढच्या उत्तरात सविस्तर सांगते. आधी तुमच्या फटी काळ्या का पडतात ते बघू, कारण ते कळलं नाही तर आज काढलेला काळेपणा थोड्या महिन्यांत परत येणार.

व्हिट्रिफाईड टाईल पाणी जवळजवळ पीतच नाही, तिच्या वजनाच्या अर्धा टक्काही नाही. पण दोन टाईल्सच्या मधे जो माल भरलेला असतो तो म्हणजे सिमेंटचं ग्राउट, आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत तर नुसतं व्हाईट सिमेंटच फासलेलं असतं, त्याला बारीक बारीक छिद्रं असतात आणि ते पाणी, तेल, चहा सगळं पितं. वर ती फट टाईलपेक्षा किंचित खोल असते. आता एकदा मुद्दाम बघा, हॉल पुसून झाल्यावर बादलीतलं पाणी कसं दिसतं, राखाडी झालेलं असतं की नाही? त्याच पाण्यात फडकं बुचकळून पुढे पॅसेज, मग किचन. टाईलवरचं पाणी फडक्याने उचललं जातं पण फटीत उतरलेलं तिथेच राहतं, पाणी उडून जातं आणि मळ आत बसतो. म्हणजे रोज दोनदा पुसलं की रोज दोनदा मळ भरला जातो. फ्लोअर क्लीनरचंही तसंच, बाटलीवर एक झाकण लिहिलेलं असतं आणि आपण वासासाठी सढळ हाताने ओततो, तो साबण नीट निघत नाही, फटीत चिकट थर राहतो आणि त्यावर पायाची धूळ पटकन बसते.

म्हणून पहिला बदल बादलीचा. एका बादलीत क्लीनरचं पाणी, दुसरीत साधं पाणी फडकं खळबळून पिळायला. आधी केर नीट काढायचा, कोरडी धूळ ओली झाली की तिचा चिखलच होतो. फडकं घट्ट पिळलेलं हवं, आणि प्रत्येक खोलीनंतर खळबळायचं पाणी बदलायचं. आठ माणसांच्या घरात हे रोज जमणार नाही हे मला माहितीये, मग निदान किचनसाठी तरी पाणी नवीन घ्या आणि आठवड्यातून एकदा नुसत्या साध्या पाण्याने सगळं घर पुसून घ्या, क्लीनर न घालता.

आता जुना काळेपणा. ओट्यासमोरचा भाग आधी घ्या, तिथे फोडणीचं तेल बसलंय आणि तेलाचा थर असेपर्यंत दुसरं काही आत पोचत नाही. गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून फटींवर टाका, दहा मिनिटांनी ब्रशने घासून पुसून घ्या. मग ऑक्सिजन ब्लीचची पावडर, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, कपड्यांचे डाग काढायच्या बऱ्याच पावडरींमध्ये हेच असतं, पाकिटावर नाव वाचून घ्या. एक लिटर चांगल्या गरम पाण्यात दोन-तीन चमचे विरघळवा आणि फटींवर चमच्याने सोडा. बारीक फेस यायला लागतो, तो येऊ द्या, वीस मिनिटं ओलं ठेवा, वाळायला लागलं तर अजून थोडं सोडा. मग नायलॉनच्या अरुंद ब्रशने फटीच्या रेषेत घासा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते काळं पाणी लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या. इथेच बहुतेक जण चुकतात, घासून ठेवतात आणि नंतर पुसतात, तोपर्यंत निघालेला मळ परत फटीत उतरलेला असतो. शेवटी साध्या पाण्याने दोनदा पुसा. तारेचा ब्रश किंवा तारेची घासणी नको, तिचे तुकडे फटीत अडकून गंजतात. हे मिश्रण लागेल तेवढंच करा, उरलं तर बाटलीत झाकण लावून ठेवू नका, त्यातून वायू निघत राहतो आणि बाटली फुटू शकते. हातमोजे घाला, आणि ग्राउट रंगीत असेल तर आधी फ्रिजमागच्या कोपऱ्यात करून बघा.

एका दिवसात सगळं घर काढायला जाऊ नका, कंबर राहणार नाही. आज ओट्यासमोर, पुढच्या रविवारी डायनिंगखाली, असं चालतं.

प्रश्न : बाथरूमच्या फरशीच्या फटी अ‍ॅसिडने साफ करून घेतल्या होत्या. तेव्हा मस्त पांढऱ्या निघाल्या पण आता आधीपेक्षा लवकर काळ्या होतायत आणि बोट फिरवलं तर पांढरी भुकटी लागते. परत अ‍ॅसिड मारू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, प्लीज नाही. ती भुकटी म्हणजे तुमचं ग्राउटच आहे. दुकानात मिळणारं लादी धुवायचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, आणि सिमेंटला धरून ठेवणारा जो चुना-कॅल्शियमचा भाग असतो तो अ‍ॅसिडमध्ये विरघळतो. म्हणजे मळ निघाला नाही, मळासकट वरचा थर खाल्ला गेला. खालून जो थर निघाला तो खरखरीत आणि जास्त छिद्रांचा, तो आणखी जोरात पाणी पितो, म्हणून लवकर काळा. परत मारलं तर अजून खोल जाईल, आणि मग पाणी खाली मुरायला लागलं की खालच्या फ्लॅटवाल्यांशी भांडण आलंच. संडासात वापरायचे लिक्विड क्लीनर पण बहुतेक अ‍ॅसिडचेच असतात, ते फरशीवर ओतू नका.

आणि हे मी अगदी मनापासून सांगते, अ‍ॅसिड मारायचं काम बहुतेक घरांत आपण करत नाही, मावशी करतात. बंद बाथरूममध्ये, उघड्या हातांनी, अनवाणी, उकिडवं बसून. त्या धुराने छातीत जळजळ होते, हाताची कातडी जाते, आणि त्या बोलतही नाहीत, काम सुटेल म्हणून. त्यात कुणी अ‍ॅसिडच्या जोडीला पांढऱ्या कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच ओतलं, 'दोन्ही मिळून जास्त साफ' म्हणून, तर त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो खरंच जिवावर बेतू शकतो. हे दोन कधीही, थोडंसुद्धा, एकत्र करायचे नाहीत, आणि एकामागून एक तर मुळीच नाही. मावशींनाही नीट समजावून सांगा, आणि हातमोजे आपणच आणून द्या, रबरी, त्यांच्या हाताच्या मापाचे.

तुमच्या फटींना आता साफसफाईने काही होणार नाही. भुकटी होणारा माल खरवडून काढून नवीन ग्राउट भरून घ्या, खरवडताना मास्क लावायला सांगा. त्यानंतर बाथरूममधला काळेपणा बहुतेक बुरशीचा असतो, त्याला औषध म्हणजे वारा. आंघोळी झाल्या की वायपरने पाणी ओढा आणि एक्झॉस्ट फॅन थोडा वेळ चालू राहू द्या.

प्रश्न : जेवणाच्या टेबलाखाली आमटी सांडली, फटीत हळद बसली. धुण्याचा सोडा टाकून घासलं तर डाग लालभडक झाला! आता कायमचा राहणार का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. हळदीच्या रंगाला सोडा, साबण, चुना लागला की तो लाल होतो, आपलं कुंकूही पारंपरिक पद्धतीने हळदीवर चुन्याची क्रिया करूनच बनतं. साध्या पाण्याने सोडा धुऊन काढा, परत पिवळा दिसेल. मग वर सांगितलेली ऑक्सिजन ब्लीचची पावडर वापरा, ती घातल्यावर थोडा वेळ परत लाल दिसेल, तेव्हा हात आखडू नका. उरलेला पिवळेपणा ऊन लागत असेल तर आपोआप फिका पडतो, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

आणि बेकिंग सोडा नि व्हिनेगर एकत्र करायचा जो व्हिडिओ सगळ्यांना येतो, त्यात फेस छान दिसतो पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हातात जवळजवळ खारट पाणी उरतं.

प्रश्न : पुण्यात नवीन फ्लॅटचं फरशीचं काम सुरू होतंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो व्हाईट सिमेंट पुरेसं आहे, इपॉक्सी उगाच खर्च. घरात दोन लहान मुलं आणि कुत्रा आहे. काय करू?
– एक वाचक

उत्तर : किचन, बाथरूम आणि ड्राय बाल्कनीला इपॉक्सी ग्राउट घ्याच, जास्त पैसे गेले तरी. ते रेझिन आणि हार्डनर मिसळून बनतं, सिमेंटसारखी छिद्रं नसतात, तेल-हळद वरच्यावर पुसून निघते. हॉल-बेडरूमला बजेट नसेल तर पॉलिमरवालं सिमेंट ग्राउट चालेल, पण रंग पांढरा घेऊ नका, करडा किंवा टाईलपेक्षा एक शेड गडद घ्या. ते भरून पूर्ण सुकलं की वर सीलर, म्हणजे फटीत पाणी जिरू न देणारं द्रावण, लावून घ्या. तो पावसाळ्यात लावू नका, फटी आतून ओल्या राहतात आणि सीलर धरत नाही. मधूनमधून फटीवर पाण्याचा थेंब टाकून बघायचा, मोत्यासारखा उभा राहिला तर सीलर आहे, जिरून डाग गडद झाला तर परत लावायची वेळ झाली.

टाईल्समध्ये दोन-तीन मिलीमीटरचे स्पेसर, म्हणजे सारखी फट राखणारे छोटे तुकडे, टाकायला लावा, बिनफटीची फरशी दिसायला छान पण फटीत माल नीट शिरत नाही आणि तिथूनच मळ जातो. आणि इपॉक्सी भरताना स्वतः तिथे उभे रहा, कारण ते पटकन घट्ट होतं आणि टाईलवर धुरकट पापुद्रा राहतो. तो मिस्त्रीने त्याच वेळी ओल्या स्पंजने काढला पाहिजे, दुसऱ्या दिवशी खोलीत बॅटरी तिरकी मारून बघा, आणि पापुद्रा दिसला तर कडक व्हायच्या आत, पैसे चुकते करायच्या आधी, काढून घ्या.