काका, एक विचारू? : राळ्याचा भात, कागद आणि अमेरिकेला जाणारा खड्डा

प्रश्न : काका, आमच्या सोसायटीत (जुळे सोलापूर) दोन महिन्यांपूर्वी मणिपूरचं एक कुटुंब रहायला आलं. त्यांचा मुलगा माझ्या मुलाच्याच वयाचा, आठ वर्षांचा. परवा पार्किंगमधे खेळताना आमच्या चिरंजीवांनी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "तू चायनीज आहेस ना, मग साप खातोस का?" त्याची आई तिथंच उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आणून दोन धपाटे घातले, पण आपलं काय चुकलं ते त्याला अजून कळलेलंच नाही. समजावू कसं?

उत्तर : ताई, धपाटे आपल्याकडं दह्याबरोबर खायचे असतात, पोराच्या पाठीत घालायचे नसतात. त्यानं मनात होतं ते विचारलं, मोठी माणसं तेच मनात ठेवून लिफ्टमधून नुसती हसून जातात, मला विचाराल तर पोरगं बरं.

आता माझंच ऐका. मी लहानपणी भैय्या चौकाजवळ रहायचो आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट आम्हाला पाळण्यापासून पाठ. सोलापूरचा माणूस, 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, तिथं जखमी सैनिकांवर ऑपरेशनं केली, आणि 1942 च्या डिसेंबरात वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला. तर माझी पक्की समजूत अशी की चीनमधला प्रत्येक माणूस सोलापूरला ओळखतो, आणि कुठं चिनी माणूस भेटला की आपण नुसतं "कोटणीस" म्हणायचं, तो लगेच उभा राहून सॅल्यूट ठोकणार. दहा वर्षांचा असताना स्टेशनवर तशा चेहऱ्याचे एक गृहस्थ दिसले, मी पळत जाऊन ओरडलो "कोटणीस!" ते बिचारे आधी दचकले आणि मग स्वच्छ हिंदीत म्हणाले, नहीं बेटा, मेरा नाम थापा है. नेपाळचे होते. आणि कोटणीस म्हणून चीनमधे कुणाला कळलंही नसतं, तिथं त्यांचं नाव के दीहुआ. त्या पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाला "हुआ" जोडलं होतं, हुआ म्हणजे चीन. कोटणीसांनी तिथल्या नर्सशी लग्न केलं, गुओ छिंगलान त्यांचं नाव, मुलगा झाला त्याचं नाव यिनहुआ ठेवलं, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

म्हणजे बघा, तुमच्या पोराची आणि माझी चूक एकाच जातीची. मला चीनमधला एकच माणूस माहीत होता आणि तोही सोलापूरचा, त्यावरून मी अख्खा देश रंगवला. त्याला कुठल्या तरी व्हिडिओतलं सापाचं सूप माहीत आहे.

त्याला खोटं मात्र सांगू नका. साप खातात का, तर हो, दक्षिण चीनमधे, क्वांगतुंग आणि हाँगकाँगकडं सापाचं सूप मिळतं, हिवाळ्यात आवडीनं पितातही. पण त्यावरून सगळा चीन साप खातो म्हणणं म्हणजे कोकणात सुके बोंबील खातात म्हणून अक्कलकोटच्या प्रत्येक घरात बोंबील शिजतात म्हणण्यासारखं आहे. आणि चौकातल्या गाडीवरचं मंचुरियन चिनी माणसाला दाखवलं तर तोच विचारेल हे काय आहे. त्याचं श्रेय देतात नेल्सन वांग ह्यांना, कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी, आणि ते बनलं मुंबईत, 1975 च्या सुमारास.

उत्तर चीनमधे तर भातही मुख्य नव्हता, तिथं गहू आणि राळे. हो, आपलेच राळे! तुमच्या आजेसासूबाईंना विचारा, राळ्याचा भात त्यांनी नक्की खाल्ला असेल. हे धान्य माणसानं पहिल्यांदा लावलं तेच उत्तर चीनमधे, हजारो वर्षांपूर्वी. कोटणीस ज्या सैन्याबरोबर होते त्याचं जेवण म्हणजे बहुतेक वेळा राळेच. राळ्याला चिनीत म्हणतात शाओमी, हो, तोच तो मोबाईलवाला शब्द. पोराला हे सांगा, साप आपोआप मागं पडेल, आठ वर्षांच्या मुलाला मोबाईलचं नाव धान्याचं आहे ह्याच्यापेक्षा भारी काही नसतं.

हे झालं चीनचं. पण मणिपूरचा मुलगा चायनीज नाहीच ना, तो आपल्याच देशातला, मुद्दा तिथं आहे आणि ते मात्र त्याला नीट सांगायला पाहिजे, नकाशा काढून. पोलो खेळतात ना घोड्यावर बसून, इंग्रजांनी जगभर नेला तो, तो उचलला मणिपूरमधून. इंफाळला इमा कैथेल म्हणून मार्केट आहे, हजारो दुकानं आणि सगळ्या विक्रेत्या बायका, इमा म्हणजे आई. आपल्या मंगळवार बाजारात असं झालं तर काय होईल, मी नुसती कल्पना करतोय.

आणि त्या माऊलीकडं तुम्ही जा, सॉरीचं भाषण घेऊन नको, शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन जा. पोराला बरोबर न्या आणि प्रश्न त्यालाच विचारू द्या, फक्त "साप खातोस का" च्या जागी "तुमच्याकडं काय काय करतात" असा.

प्रश्न : मी अशोक चौकातला, तेलुगू. आमची चौथी पिढी सोलापुरात. तरी शाळेत मुलं विचारायची, "तुम्ही घरी रोज इडली खाता का?" आता ऑफिसातही "गावाला कधी जाणार" विचारतात. गाव म्हणजे कुठलं हो?

उत्तर : विजापूर वेस सांगायचं, सोलापुरातलीच. बाकी तुमच्यासारख्या घरांनीच हातमाग-यंत्रमाग चालवले म्हणून सोलापुरी चादर जगाला माहीत, हे विचारणाऱ्याला कळत नाही असं नाही, तोंडात बसलेलं वाक्य असतं. माझी समजूत तर ह्याच्या उलटी होती. मला सातवीपर्यंत वाटायचं जॅकार्ड हे तेलुगू आडनाव आहे, येमूल, बोल्ली, चिप्पा तसं जॅकार्ड, कारण तो शब्द मी फक्त पूर्व भागातच, म्हणजे तुमच्या तेलुगू वस्तीतच ऐकला होता. निघाला फ्रान्सचा, ल्यों शहरचा, जोसेफ मारी जॅकार्ड, 1804 चं त्याचं मागावरचं यंत्र. पंच केलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते ना वर, कुठला धागा उचलायचा ते त्या भोकांवर ठरतं, चादरीवर मोर उमटतो तो त्यामुळं. मित्राच्या वडलांना मी विचारलं होतं, "जॅकार्डकाका कुठं राहतात?" ते अजून भेटले की हसतात.

प्रश्न : आमची नात (सहावी) म्हणते आफ्रिकेतले लोक जंगलात राहतात आणि आपला त्यांचा कधी संबंध नव्हता.

उत्तर : तिला एकदा परांड्याला न्या, बार्शीच्या पलीकडं, किल्ला दाखवा. निजामशाहीची राजधानी काही काळ तिथं होती आणि कारभार बघत होता मलिक अंबर, इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. पुढं त्यानंच 1610 ला खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. 1624 च्या भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशाही दोघांना एकदम हरवलं, आणि त्यानंतर आपलं सोलापूरही घेतलं. आफ्रिकेतल्या माणसाचं राज्य आपल्या भुईकोटावर होतं असं सांगितलं की नातीचा चेहरा बघा. जंगलाचं म्हणाल तर 54 देश आहेत, त्यात सहाराही आला आणि कैरोही.

प्रश्न : वय वर्षं 71. आमच्या लहानपणी सांगायचे, गोरे लोक पाणी वापरत नाहीत, कागदानं पुसतात. आता मुलगा परदेशात, मला जायचंय. हा गैरसमजच होता ना? (सभ्य शब्दात उत्तर द्यावं.)

उत्तर : आजोबा, हा गैरसमज नव्हता, बऱ्याच देशांत कागदच आहे, बॅगेत छोटा मग टाका, लाजू नका, आपले निम्मे लोक तेच करतात. पण "गोरे" म्हणून सगळ्यांना एका पंक्तीला बसवू नका. इटलीत तर 1975 पासून कायदाच आहे, घरात धुवायचं वेगळं भांडं पाहिजे म्हणजे पाहिजे. त्याला म्हणतात बिदे, मूळ फ्रेंच शब्द, अर्थ तट्टू. कारण त्यावर तसंच बसायचं, घोड्यावर बसल्यासारखं. आणि जपानमधे सीटच पाणी मारते, तेही गरम. मुलगा कुठं आहे ते तुम्ही लिहिलं नाही, इटलीत असेल तर तो छोटा मग घरीच ठेवा.

प्रश्न : जमिनीत सरळ खड्डा खणत गेलं की अमेरिका लागते आणि तिथली माणसं उलटी चालतात, असं आमच्या दोन्ही पोरांना वाटतं. मे महिन्याच्या सुट्टीत अंगणात तीन फूट खणलंय.

उत्तर : उन्हात खणलं, पोरं कामाची आहेत. पण सोलापुरातून आरपार गेलात तर अमेरिका लागत नाही, पॅसिफिक महासागर लागतो, ईस्टर बेटाच्या उत्तरेला, आजूबाजूला नुसतं पाणी. उलटं तिथंही कुणी चालत नाही, खाली म्हणजे सगळीकडं पृथ्वीच्या मध्याकडं, तिथल्या बोटीवरच्या माणसाला आपणच उलटे. तीन फूट खड्डा मात्र वाया घालवू नका, जूनमधे पहिला पाऊस पडला की त्यात कडुलिंब लावा.