ठणका थांबलेली किडकी दाढ, सततचा थकवा आणि वाढलेली साखर: यांचा एकमेकांशी संबंध असतो का?

असू शकतो. पण थकव्याचं सगळं खापर दाढेवर फोडू नका.

तुम्ही लिहिलंय की खालची दाढ आधी ठणकत होती, गोळ्यांनी थांबली, आणि आता हिरडीवर बारीक पुळी येते, फुटते, पुन्हा येते. म्हणजे दाढ बरी झालेली नाही. आतली नस मेली म्हणून कळ थांबली असणार. मेलेल्या नसेतले जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि तिथे पू होतो. पुळी ही त्या पुवाने काढलेली वाट. ती वाहती आहे तोवर आत दाब साठत नाही, म्हणून दुखत नाही. तिचं तोंड बुजलं तर रातोरात गाल सुजू शकतो.

मेलेल्या नसेला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे पोटात घेतलेलं अँटिबायोटिक तिथे पोचतच नाही. आजूबाजूची सूज उतरते, चार दिवस बरं वाटतं, जंतू मात्र जागेवरच. मेडिकलमधून परस्पर आणलेला कोर्स पुन्हापुन्हा लागतो तो याचमुळे. उपाय दोनच: रूट कॅनाल (आतली मेलेली नस काढून पोकळी साफ करून भरणं), नाहीतर दाढ काढणं. आधी त्या दाढेचा छोटा एक्स-रे काढून घ्या. मुळाशी काळी सावली दिसली तर तिथलं हाड झिजलंय. हाडातलं बरंच खनिज गेल्याशिवाय सावली उमटत नाही, म्हणून दाढेला थंड लावून नस जिवंत आहे का हेही तपासायला सांगा. रूट कॅनालनंतर हाड भरायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. नंतर दाढेवर बसवायच्या कॅपचे पैसे वाचवू नका. बिनकॅपची पोकळ दाढ चावताना उभी चिरली की काढावीच लागते.

आता थकवा. एका दाढेच्या मुळाशी असलेल्या जुन्या संसर्गाने माणूस दिवसभर गळून जाईल, असं मी म्हणणार नाही. मला जास्त शंका हिरड्यांची आहे, कारण तुमचं एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 8 च्या वर आहे. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली फट 1 ते 3 मिलिमीटर असते. बऱ्याच दातांभोवती ती 5-6 मिलिमीटर झाली, तर आत न दिसणारी मोठी जखम कायम चिघळत राहते. दाहाची रसायनं रक्तात उतरतात, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, साखर चढते. चढलेल्या साखरेने हिरड्या आणखी बिघडतात. याच दाहामुळे लोह शरीराच्या साठ्यात अडकून पडतं आणि हिमोग्लोबिन घसरू शकतं. हिरड्यांच्या खालपर्यंत नीट सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी 0.4 च्या आसपास उतरल्याचं दिसतं. साखरेच्या गोळ्यांची जागा ती घेत नाही, पण तो फायदा सोडूही नये. ‘सफाईने दात हलतात’ ही भीती सोडा: हललेले दात दगडासारख्या किटणाने धरून ठेवलेले असतात, ते निघालं की आधीचंच नुकसान दिसू लागतं. सिगारेट ओढत असाल तर हिरड्यांतून रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. धूम्रपानाने रक्त येणं झाकलं जातं, आजार नाही.

सोबत रक्ताच्या तपासण्या करून घ्या: सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), टीएसएच (थायरॉइड), फेरिटिन (लोहाचा साठा) आणि बी-12 जीवनसत्त्व. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 कमी असणं अगदी शक्य आहे, आणि तेवढ्यानेही माणूस थकतो. दाह असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, त्यामुळे ते ‘नॉर्मल’ आलं म्हणजे लोह पुरेसं आहे असं समजू नका.

रूट कॅनाल केलेले दात सगळ्या आजारांचं मूळ म्हणून उपटून टाका, असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. हे खूळ शंभर वर्षांपूर्वीचं. 1910 मध्ये मॉन्ट्रियलला विल्यम हंटर या डॉक्टरांनी तोंडातल्या संसर्गावर भाषण दिलं, आणि पुढची काही दशकं पाश्चात्त्य देशांत असंख्य चांगले दातही काढले गेले.

दाढ काढायची ठरली तर उपाशी जाऊ नका: सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि साखरेचं औषध नेहमीसारखं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. हृदयात कृत्रिम झडप असेल तर आधीच सांगा; प्रक्रियेच्या तासभर आधी अँटिबायोटिकचा एक डोस द्यावा लागतो.

तोवर गालाला बाहेरून शेक देऊ नका, हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, तिने हिरडी भाजते. आणि जिभेखाली किंवा हनुवटीखाली सूज आली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना किंवा थंडी वाजून ताप आला, तर दातांच्या दवाखान्याची वेळ घेत बसू नका. खालच्या दाढेची सूज गळ्यात उतरून श्वास कोंडू शकतो. तेव्हा थेट मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात जा, रात्र असली तरी.